देवीच्या कोंडातले खडस

आमच्या गावची माणसं मासे मारत नाहीत, असं बाहेर सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कापडे गावाच्या वर, डोंगरातून उतरणारा ओढा एका मोठ्या कातळाला आपटून वळतो, तिथे खोल डोह आहे. आम्ही त्याला कोंड म्हणतो. काठावर शेंदूर फासलेला दगड आहे, ती देवी. कोंडातले मासे तिचे. त्यांना हात लावणारा रक्त ओकून मरतो, असं मला चालता येऊ लागल्यापासून सांगितलं गेलं. कोंडाच्या खालच्या अंगाला, ओढ्यातच, चुना फासलेला एक धोंडा आहे. तिथे देवीची हद्द संपते. तोच मासा धोंड्याच्या खाली उतरला की त्याला जाळं चालतं, ब्लीचिंग पावडर चालते, खाणीतून आणलेली जिलेटिनची कांडी तर फारच चालते. वर ज्याला हात जोडायचे, खाली त्याचंच कालवण. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर शाळेत जाईपर्यंत मलाही वाटत नव्हतं.

हा मासा म्हणजे खडस. पुस्तकात त्याला महाशीर म्हणतात. सोनेरी अंग, जाड ओठ, रुपयाच्या नाण्याएवढी खवलं. वाहतं, थंड, निर्मळ पाणी आणि तळाला गोटे असतील तरच तो अंडी घालतो. गढूळ पाण्यात जसंतसं जगण्याची कला त्याला अवगत नाही. एवढे नखरे असलेला जीव आपल्याकडच्या नद्यांत टिकणं अवघडच होतं, आणि तो टिकलाही नाही. सावित्रीच्या पात्रात तो आता औषधालाही सापडत नाही. आमच्याकडे उरला होता तो देवीच्या धाकाने. मी महाडला शाळेत विज्ञान शिकवते, तरीही कबूल करते की सरकारी पाट्यांपेक्षा त्या शेंदराने जास्त मासे वाचवले.

कोंडाचा मान आमच्या घराकडे आहे. जत्रेला भाताची पहिली ओंजळ आमची. त्याला जोडून एक रीतही आहे. घरात सून आली की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिने हळदीच्या अंगाने घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि कोंडात ओंजळभर भात सोडायचा. खडस वर आले, भात खाल्ला, की देवीने सून पदरात घेतली. नाही आले तर काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं, कारण तशी वेळ कधी आली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या आयता भात खाऊन माजलेले मासे ते, माणसाची सावली पडली की तोंडं वासून यायचे. माझ्या आईच्या वेळी त्यांनी म्हणे तिच्या पायाच्या बोटांना ढुशा दिल्या. ही हकिगत आई अशा थाटात सांगायची की देवीला तिच्याआधी सून म्हणून कुणी पसंतच पडलं नसावं.

मग तो महापूर आला. मी महाडला घरमालकाच्या गच्चीवर बसून बाजारपेठेतले फ्रीज आणि कपाटं वाहत जाताना पाहत होते. रस्ता सुरू झाल्यावर गावी गेले. वरच्या डोंगराचा एक लचका तुटून ओढ्यात आला होता. आमच्या वाडीतली माणसं वाचली, पण कोंड दिसत नव्हता. डोहाच्या जागी लाल चिखल होता आणि त्यात मुळासकट आडवी झालेली झाडं. घरी आले तर मागच्या दारी, भांडी घासायच्या दगडाजवळ, मोठाली खवलं चमकत होती.

"हे काय?" मी आईला विचारलं.

"धोंड्याच्या खाली गावले. शेतात लोळत होते. टाकून द्यायचे काय?"

"देवीचे मासे होते ते."

"वर होते तवर देवीचे," आई म्हणाली आणि राखेने तवा घासत राहिली.

पुराने वाहून आणलेले ते म्हातारे, अजस्र खडस साऱ्या वाडीने खाल्ले. रक्त कुणीच ओकलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढायला पोकलेन आली. कोंड पुन्हा खोल झाला, पण गाळाबरोबर तळाचे गोटेही डंपरमध्ये भरून गेले. अंडी घालायची जागाच उचलून नेली. मी ठेकेदाराच्या माणसाशी भांडले. तो म्हणाला, मॅडम, पैसे खोली मोजून देतात, दगडाची जात बघून नाही.

त्यानंतरच्या माघात माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. तो मुंबईत एका कंपनीत होता. मुलगी पाचाडची. रायगडावर जाणाऱ्या लोकांना पिठलं-भाकरी वाढणारी छोटी खानावळ तिच्या वडिलांची. पोर हसऱ्या तोंडाची, कामाला वाघ, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. मला ती पहिल्याच भेटीत आवडली. लग्नाच्या आदल्या दिवशी मी आईला बाजूला घेतलं आणि सांगितलं, कोंडात मासा उरलेला नाही, यंदा ती रीत नको.

"तुला कुणाच्या पाण्यात उभं ऱ्हायाचं नव्हतं," आई म्हणाली. "तू गप ऱ्हा."

मी लग्न केलेलं नाही. आईकडे माझं तोंड बंद करायला हे एक वाक्य कायम तयार असतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायकांच्या घोळक्यात ती कोंडात उभी राहिली. हिरवी साडी, हळदीने पिवळे पाय. तिने ओंजळ सोडली. भात थोडा तरंगला आणि मग तळाला जाऊन बसला. आईने तांब्या कातळावर आपटला. पूर्वी त्या आवाजाला मासे धावायचे. तिने दुसरी ओंजळ सोडली, मग तिसरी. पाण्यावरच्या निवळ्या, लांब पायांचे ते किडे, तेवढ्या पळत होत्या. ती पोर हसून हसून थकली आणि मग तिने हसणं बंद केलं. तरी आई तिला बाहेर ये म्हणेना. पाय सुरकुतून पांढरे पडेपर्यंत तिला उभी ठेवली, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "चला. जेवणं थंड होतायत."

त्या दिवशी आई काहीच वाईट बोलली नाही. तिने ते पुरवून पुरवून वापरलं.

दर मंगळवारी सुनेने भात घेऊन कोंडावर जायचं, असं ठरलं. जाताना साऱ्या वाडीतून जावं लागतं आणि येताना साऱ्या वाडीतून यावं लागतं. प्रत्येक पडवीतून एकच प्रश्न, "आले का गो?" ती मान हलवायची. म्हैस गाभडली, ते तिच्यामुळे. भावाची कंपनी बंद पडून त्याला दुसरीकडे कमी पगारावर लागावं लागलं, तेही तिच्यामुळे. पाळणा हलत नव्हता, ते तर देवीने आधीच सांगितलं होतं. तिला नैवेद्याला हात लावू देत नसत. हळदीकुंकवाला बायका जमल्या की आई तिला चहा घेऊन बाहेर बोलवायची आणि कप घेता घेता म्हणायची, "हिच्या हातचं माश्यानंसुद्धा खाल्लं नाय, तुम्ही घेताय म्हणजे धीराच्या हो." बायका खळखळून हसायच्या. एकदा भाऊही हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो मोबाइल बघू लागला.

मी सुटीत गेले की आईशी भांडायचे. विज्ञान सांगायचे, गोटे, अंडी, गाळ, सगळं. आई ऐकून घ्यायची आणि मी महाडला परत गेले की त्या पोरीकडून त्याची वसुली करायची. हे तिनेच मला सांगितलं, तक्रार म्हणून नाही, विनंती म्हणून. "ताई, तुम्ही नका बोलू. तुम्ही जाता, मी हितंच असते."

एका मे महिन्यात ती मला हळूच म्हणाली, "चला, दाखवते." कोंडाच्या वरच्या बाजूला ओढा उथळ आहे, दोन कातळांच्या फटीतून वाहणारा. पोकलेनला तिथे पोहोचता आलं नव्हतं, म्हणून गोटे शाबूत होते. उन्हाळ्यात धार तुटू नये म्हणून तिने दगड लावून पाणी अडवलं होतं आणि वरून करवंदीच्या काट्या टाकल्या होत्या. आम्ही उकिडव्या बसलो. पाण्यात बोटाएवढे मासे एका दिशेला तोंड करून स्थिर उभे होते. सोनेरी झाक आणि शेपटाच्या मुळाशी काळा ठिपका. खडसाची पिल्लं; वर कुठेतरी एखादी जोडी पुरातून वाचली असावी. मला एकदम रडू आलं.

"तेच ना?" तिने विचारलं.

"तेच."

"मोठी झाली की माझ्याकडं येतील? मीच राखली ना त्यांना."

मंगळवारचा भात सोडल्यावर ती तासभर इथे येऊन बसत होती. घरात तिच्याशी कुणी सरळ बोलत नव्हतं, तर ती माश्यांशी बोलत होती. पिल्लं वाढावीत आणि एका मंगळवारी कोंडात उतरून साऱ्या वाडीदेखत तिच्या हातचा भात खावा, एवढंच तिचं मागणं होतं.

महाडच्या कॉलेजात माझ्या ओळखीचे एक सर आहेत. नदीतल्या माश्यांचा त्यांचा अभ्यास आहे, आणि ते आमच्याच गावच्या खालच्या बौद्धवाडीतले. मी त्यांना घेऊन आले. पिल्लं पाहून ते लहान मुलासारखे खूष झाले. म्हणाले, खायला घालू नका, हात लावू नका, काट्या तशाच ठेवा, आणि कोंडात बाहेरचं काही सोडू देऊ नका. ही कोंडात उतरण्याएवढी मोठी व्हायला काही वर्षं जातील.

ती माझ्याकडे वळली. "तेवढी वर्षं मला देतील का, ताई?"

दिली नाहीत. त्याच पावसाळ्यात आईने ठरवलं की येत्या चैत्राच्या जत्रेला शेवटची ओंजळ. खडस आले तर ठीक, नाही तर सुनेने पाचाडला बापाच्या खानावळीत भाकऱ्या थापायला जावं आणि परत येऊ नये. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "आईला काय बोलणार मी? आणि ताई, खरंच काही चांगलं झालेलं नाही गं तेव्हापासून." मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि काही केलं नाही.

आमच्या गावची निम्मी माणसं मुंबईत. त्यांचं मंडळ आहे. देवळाला फरशी, रस्त्याला कमान, जत्रेला डीजे, असली कामं मंडळ करतं. कोंडात मासे उरले नाहीत ही खंत त्यांनाही होतीच. गावाची अब्रू म्हणा, मानाच्या घराची चिंता म्हणा, जत्रेच्या आठ-दहा दिवस आधी मंडळाची पोरं टेम्पोत निळे ड्रम भरून घेऊन आली. देवीचा कोंड भरायचा म्हणून. त्यांचं मन साफ होतं, यात मला शंका नाही.

मी ड्रममध्ये डोकावले. काळे, बुळबुळीत, मिशांचे मासे एकमेकांवर वळवळत होते. मांगूर. तोही आपला गावठी नव्हे, परदेशातून आलेला, पाळायलासुद्धा बंदी असलेला.

"हे कुठून आणलेत?"

"ठाण्याकडून, ताई. बाकी सगळे मासे व्यापारी बोलला वाटेत मरतील. हे बघा, एकपण मेला नाय! ऑक्सिजन नाय, काय नाय. देवीची कृपा."

मांगूर हवेतून श्वास घेतो, चिखलातसुद्धा तग धरतो, आणि जे तोंडात मावेल ते खातो. पोरांना मात्र त्याचं न मरणं हाच कौल वाटला. मी टेम्पोसमोर उभी राहिले. ओरडले. सरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. पोरांनी हसत हात जोडले, मला अलगद बाजूला केलं आणि म्हणाली, "मासा तो मासा, ताई. देवीच्या पाण्यात पडला की देवीचा." गुलाल उधळला, डीजे लागला, आणि ड्रम कोंडात उपडे झाले.

भावजय माझ्या शेजारी उभी होती. तिने विचारलं, "हे भात खातात?"

"हे काहीही खातात," मी संतापून म्हणाले. "मेलेली कोंबडी खातील, एकमेकांना खातील, तुझी पिल्लं तर आधी खातील."

माझं सगळं बोलणं तिने ऐकलं. त्यातलं तिच्या कामाचं काय होतं, हे मला जत्रेच्या दिवशी कळलं.

जत्रेला ती पुन्हा हिरवी साडी नेसून पाण्यात उभी राहिली. काठावर मुंबईकर मोबाइल उंच धरून. तिने ओंजळ सोडली मात्र, पाणी उकळल्यासारखं झालं. काळी तोंडं एकमेकांना ढकलत वर आली, भात गिळून पुन्हा आ वासून राहिली. बायकांनी आरोळी ठोकली. आईने पदराने डोळे पुसले, पाण्यात उतरून सुनेला मिठी मारली आणि सगळ्यांदेखत तिची ओटी भरली. मिशा, काळी पाठ, खवल्यांचा पत्ता नाही, हे आईला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर ज्यांना भात घातला ते मासे ती ओळखत नसेल, हे शक्यच नाही. तिला मासे यायला हवे होते, ते आले.

त्या दिवशी भावजय पहिल्यांदा सगळ्यांच्या पंगतीत जेवायला बसली. तिला पुरणाची पोळी वाढताना मला फार आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला किळसही आली. दोन्ही खरं आहे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी एकटीच वरच्या उथळ पाण्याकडे गेले. काट्या वाहून गेल्या होत्या आणि कुणी नव्या टाकल्या नव्हत्या. दगडांच्या बांधामागे एक मांगूर पाठ उघडी टाकून आरामात पडला होता. पाणी त्याला पुरत नव्हतं, तरी त्याचं काही अडत नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत बसले. सोनेरी असं काही हललं नाही.

सर मात्र हटले नाहीत. ओढ्याच्या आणखी वर एका जागी त्यांना चार-दोन पिल्लं दिसली होती. मांगूर काढले तर अजून काही हाती लागेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी खेटे घालून घालून परवानगी मिळवली. देवळात बैठक झाली. देवीच्या कोंडातला मासा उचलायचा नाही, या एकाच मुद्द्यावर गाव अडून बसलं. ज्या रीतीने खडस वाचवले, तीच आता त्यांना खाणाऱ्यांची राखण करत होती. आणि दुसरा एक मुद्दा होता, तो कुणी बैठकीत काढला नाही, पण घरी आल्यावर आई बोललीच, "त्या वाडीतल्यानं आपल्या पाण्यात जाळं टाकायचं?" मी महाडला चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहते. शेवटी सरपंचांनी, कागद सरकारी आहे म्हणून, डोळेझाक करायचं कबूल केलं.

आम्ही सकाळी जीपने पोहोचलो. सर, त्यांचे दोन विद्यार्थी आणि मी. कोंडावर बायका आधीच जमल्या होत्या. पुरुष मागे, नेहमीप्रमाणे. आणि पाण्यात, नेमकी त्याच जागी, माझी भावजय उभी होती. सातवा महिना लागला होता तिला. आई काठावरून तिला छत्रीची सावली धरून उभी होती.

सरांनी जाळं खाली ठेवलं. मी पुढे झाले.

"बाजूला हो. पाय घसरेल."

"नाय घसरत. सवय हाय."

"अगं, यांनी तुझी पिल्लं खाल्ली. तू दगड लावून राखलेली."

"ठाव हाय. मी बघितलंय खाताना."

"मग?"

तिने एकदा सासूकडे पाहिलं, मग माझ्या जवळ आली, एवढी की तिचा आवाज दुसऱ्या कुणाला जाऊ नये. पूर्वीची बडबड तिच्यात उरलेली नव्हती. प्रत्येक शब्द ती मोजून बोलली.

"हे काढलेत तर पुढच्या मंगळवारी मी कुणाला भात घालू? पोटात पोरगी असली तर ती कुणामुळं झाली म्हणतील?"

"मी आईशी बोलते."

"तुम्ही बोलता, ताई," ती म्हणाली. "खडस मेले तर तुम्ही रडाल. हे सर रडतील. मला पाचाडला धाडली असती तर कोण रडलं असतं?"

मी रडले असते, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ती शांतपणे वाट पाहत राहिली. आईने वरून हाक मारली, "चल गो बाहेर, गारठा बाधल तुला," आणि हात पुढे केला. तिने तो धरला नाही. जाळ्याकडे बघत पाण्यातच उभी राहिली.

सरांनी जाळं गुंडाळायला घेतलं. मी दुसरं टोक धरलं.